गोदामातल्या पेट्या पुन्हा उघडल्या तेव्हा

१८७८ साली स्वीडनमधल्या बिर्का या जुन्या व्हायकिंग गावात यालमार स्टोल्पे नावाच्या संशोधकाने एक कबर उघडली. आत लाकडी खोली, खोलीत एक सांगाडा, आजूबाजूला तलवार, कुऱ्हाड, भाला, बाण, ढाली, शिवाय दोन घोडे आणि पटावर खेळायच्या सोंगट्यांचा संच. एवढं सगळं बघितल्यावर कोणीही म्हणेल तेच लोक म्हणाले, हा कोणीतरी मोठा लढवय्या. आणि लढवय्या म्हणजे पुरुषच, हे वेगळं तपासावं असं कोणाच्या मनातसुद्धा आलं नाही. पुढची शंभर वर्षं पुस्तकांत हेच छापत राहिले.

१९७० च्या दशकात हाडांच्या एका अभ्यासात असं निघालं की ही हाडं बाईची वाटतायत. त्याकडे फारसं कोणी लक्ष दिलं नाही. मग २०१७ साली त्याच सांगाड्याचा एक दात आणि दंडाचं हाड घेऊन डीएनए काढला, तर वाय क्रोमोसोमचा पत्ताच नाही, म्हणजे ती बाईच होती.

यावर भरपूर वाद झाला. हाडांची अदलाबदल झाली असेल, कबरीत दुसरा एक पुरुष असेल, असं बरंच काही लोक म्हणाले. आणि इथे कामाला आला तो स्टोल्पेच. त्याने त्या काळात चौकटीच्या कागदावर कबरीचं मोजून मापून चित्र काढून ठेवलं होतं, कुठली वस्तू सांगाड्याच्या कुठल्या बाजूला होती ते सगळं त्यात आहे, आणि हाडांवर शाईने कबरीचा नंबर लिहिलेला आहे, बीजे ५८१. डीएनए म्हणजे काय हे स्टोल्पेला माहीत असणं शक्यच नव्हतं, तरी त्याने नीट लिहून ठेवलं म्हणून १३९ वर्षांनी त्याचाच निष्कर्ष दुरुस्त करता आला. मला ही गोष्ट फार मोठी वाटते. माणूस चुकला, पण त्याची वही चुकली नाही.

ती बाई खरंच लढली होती का, हे डीएनए सांगू शकत नाही. शस्त्रं शेजारी ठेवली म्हणजे ती चालवलीच असतील असं नाही. पण मग हा प्रश्न सांगाडा पुरुषाचा समजत होतो तेव्हापण विचारायला हवा होता ना, तेव्हा का नाही विचारला? पुन्हा तपासताना नुसती वस्तू तपासून भागत नाही, आपण काय धरून चाललो होतो तेपण तपासावं लागतं.

उत्खननाबद्दल एक गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही. खोदणं म्हणजे मोडणंच असतं. मातीचे थर एकदा काढले की ते परत तसे लावता येत नाहीत, कुठली वस्तू कुठल्या थरात कशाला चिकटून होती ही माहिती त्या दिवशी लिहिली तर लिहिली, नाहीतर कायमची गेली. त्यामुळे जमिनीतून निघालेली वस्तू आणि तिच्याबद्दलची नोंद ही जोडी तुटली की नुसती वस्तू अर्धी मुकी होते. चोरून खोदून विकलेल्या मूर्तीचं खरं नुकसान हेच आहे, मूर्ती कुठेतरी सापडेलही पण ती कुठल्या थरातून आली ते आता कोणीच सांगू शकत नाही.

आता जुन्या लेखी पुराव्याचं बघू. इटलीतलं पाँपेई हे रोमन शहर व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली कधी गाडलं गेलं, तर इसवी सन ७९, २४ ऑगस्ट, असं आपण सगळे वाचत आलो. ही तारीख आली धाकटा प्लिनी या रोमन लेखकाच्या पत्रातून, तो तेव्हा १७ वर्षांचा होता आणि खाडीच्या पलीकडून त्याने व्हेसुव्हियसचा उद्रेक डोळ्यांनी बघितला होता. यापेक्षा चांगला साक्षीदार कुठे मिळणार? पण त्याने ते पत्र लिहिलं बऱ्याच वर्षांनी, आणि त्याचं मूळ पत्र आज कोणाकडेच नाही, आपल्याकडे आहेत त्या शेकडो वर्षं हाताने उतरवत आलेल्या प्रती, आणि वेगवेगळ्या प्रतींत तारीख वेगवेगळी आहे. त्यात रोमन लोक तारीख पुढच्या महिन्याच्या पहिल्या दिवसापासून उलटी मोजत, म्हणजे २४ ऑगस्ट लिहायचं तर "सप्टेंबरच्या पहिलीच्या आधीचा नववा दिवस". नकल करणाऱ्याचा एक शब्द इकडचा तिकडे झाला की महिनाच बदलला.

आणि मातीतून निघत होतं ते ऑगस्टशी जुळत नव्हतं. डाळिंबं, चेस्टनट, ऊब घ्यायच्या शेगड्या, सगळं शरद ऋतूकडे बोट दाखवणारं. मग २०१८ साली एका घराच्या भिंतीवर कोळशाने खरडलेली एक ओळ सापडली, तिच्यात जी तारीख होती ती आपल्या हिशोबाने १७ ऑक्टोबर. आता म्हणाल, निकाल लागला! पण त्या ओळीत साल नाहीये. आणि कोळशाचं लिखाण लगेच पुसलं जातं हे आपण धरून चाललोय, आडोशाच्या भिंतीवर ते महिनोन्महिने टिकू शकतं, म्हणजे ती ओळ आदल्या वर्षीची असायलापण हरकत नाही. ऑक्टोबरचं पारडं जड आहे असं मलापण वाटतं, पण एवढ्यावर शपथ घ्यावी असं नाही.

एक नाणंपण होतं या भानगडीत. १९७४ साली "सोन्याच्या कड्याचं घर" म्हणतात त्या घरात सापडलेलं, टायटस बादशहाचं. त्यावरच्या पदवीचा आकडा १५ वाचला गेला, आणि ती १५ वी पदवी त्याला सप्टेंबरात मिळाली होती म्हणजे उद्रेक त्यानंतरचाच, असा पक्का पुरावा म्हणून ते नाणं कित्येक वर्षं दाखवलं गेलं. नंतर कोणीतरी ते झिजलेलं नाणं पुन्हा नीट निरखून बघितलं तर आकडा १४ निघाला. झालं, पुरावाच गेला.

त्याच घरात कडं घातलेलं एक माणूस आणि मांडीवर मूल असे प्लास्टरचे साचे आहेत. राखेत माणसं गाडली गेली, शरीर कुजून गेलं, त्या जागी पोकळी राहिली, आणि तिच्यात प्लास्टर ओतायचं तंत्र जुझेप्पे फियोरेलीने १८६३ साली वापरलं, तेव्हापासून असे साचे घेतले जातात. कडं बघून आणि मांडीवरचं मूल बघून सगळ्यांनी ठरवलं, आई आणि तिचं लेकरू. २०२४ मधे प्लास्टरमधे अडकलेल्या हाडांतून डीएनए काढला. तो पुरुष होता, आणि त्या मुलाशी त्याचं रक्ताचं नातं नव्हतं. मी हे वाचलं तेव्हा बराच वेळ त्या साच्याचा फोटो बघत बसले. परकं पोर मांडीवर घेऊन तो बसला असेल, का शेवटच्या क्षणी नुसते जवळ आले असतील, काहीच कळायला मार्ग नाही, आणि आता यावरपण घाईने नवी गोष्ट रचू नये असं फार वाटतं.

तिसरं उदाहरण कागद आणि माती एकमेकांना धरून चालल्याचं आहे. आइसलँडच्या जुन्या कथांत, ज्या १३ व्या शतकात लिहिल्या गेल्या, असं येतं की साधारण इसवी सन १००० च्या सुमाराला आपले लोक पश्चिमेला समुद्रापार एका नव्या देशात जाऊन आले. बरेच दिवस ही दंतकथाच मानत. मग १९६० साली हेल्गे इंगस्टाड आणि त्याची पुरातत्त्वज्ञ बायको आन स्टिने यांना कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटावर लान्स ओ मेडोज इथे घरांचे उंचवटे सापडले, आणि पुढच्या खोदकामात ती वस्ती नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या, लोकांचीच ठरली. प्रश्न राहिला नेमक्या वर्षाचा. साधी कार्बन डेटिंग, म्हणजे लाकडातल्या कार्बनवरून वय काढणं, काही दशकांचा अंदाज देते, त्याहून बारीक सहसा जात नाही.

उत्तर आलं सूर्याकडून. कधीकधी सूर्यावर इतकं प्रचंड वादळ होतं की त्यातले कण हवेच्या वरच्या थरात आदळून नेहमीपेक्षा जास्त कार्बन-१४ (कार्बनचा किरणोत्सारी प्रकार) तयार होतो, झाडं तो हवेतून घेतात आणि जगभरच्या झाडांच्या त्या काळच्या वाढ-वलयात (खोडात वर्षाला एक पडतं ते) तो एकदम उसळी मारलेला दिसतो. फुसा मियाके या जपानी संशोधिकेने २०१२ साली इसवी सन ७७५ च्या आसपासची अशी एक उसळी शोधली, नंतर दुसरी सापडली ती ९९३ ची. वाढ फक्त एक टक्क्याच्या आसपास, पण मोजता येते.

लान्स ओ मेडोजला लाकडाचे तुकडेपण मिळाले होते, धातूच्या पात्याने कापलेले, आणि तिथले मूळ लोक तेव्हा धातूचं पातं वापरत नव्हते. दिसायला टाकाऊच, सुताराच्या पायाशी पडतात तसे. पण कोणीतरी ते जपून ठेवले. काही दशकांनी संशोधकांनी तीन तुकडे घेतले, वेगवेगळ्या तीन झाडांचे, आणि एकेक वलय सुटं करून कार्बन मोजला. ९९३ चं वलय सापडलं. तिथून झाडाच्या सालीपर्यंत वलयं मोजली, २८. तिन्ही तुकड्यांत २८. म्हणजे तिन्ही झाडं १०२१ साली तोडली! एक तर वसंतात तोडलंय हेसुद्धा शेवटच्या वलयावरून कळलं. दुसऱ्यावर उन्हाळा किंवा शरद दिसतो. कोलंबसच्या ४७१ वर्षं आधी एक माणूस कुऱ्हाड घेऊन तिथे उभा होता आणि आपल्याला ते वर्ष माहितीये, हे अजूनही अंगावर काटा आणतं.

हे तुकडे साफसफाईत फेकले असते तर? म्हणून उत्खननाची बातमी आली की सोनं किती निघालं यापेक्षा सटरफटर किती ठेवलं, त्यावर नंबर टाकला का, माती जपली का, हे मी आधी शोधते. दुर्दैवाने बातमीत ते क्वचितच असतं. जगभरात कितीतरी ठिकाणी खोदकाम होऊन अहवाल लिहायचेच राहून गेलेत, आणि खोक्यांवरची चिठ्ठी एकदा कुजली की ती खोकी म्हणजे नुसती माती.

पाँपेईचा साधारण एक तृतीयांश भाग अजून खोदलेलाच नाहीये. यंत्रं आहेत, माणसं आहेत, पर्यटक तर रांगा लावून उभे असतात, तरी त्यातला बराचसा भाग मुद्दाम राखेखाली ठेवलाय, ज्यांच्याकडे आपल्यापेक्षा चांगली साधनं असतील त्यांच्यासाठी.