ग्लासातले धने

ग्लास नाकाशी नेला आणि आधी आठवली ती धनाडाळ, जेवण झाल्यावर बडीशेपेबरोबर वाटीत येते ती. पुण्यातल्या एका मायक्रोब्रुअरीत बसलो होतो. फळ्यावर खडूने मध, संत्रं आणि मसाला घातलेल्या एलचं, म्हणजे एका प्रकारच्या बीअरचं, नाव लिहिलं होतं. रंग फिकट पिवळा, जरा गढूळ, वर पांढरा दाट फेस. दुसऱ्यांदा हुंगल्यावर संत्र्याच्या सालीचा वास आला, साल दुमडली की बोटांवर जे तुषार उडतात त्यांचा. मध मात्र शोधूनही सापडेना. घोट गिळल्यावर घशापाशी फुलांसारखं काहीतरी रेंगाळलं, तेवढंच. बरोबरच्या मित्राने एक घोट घेतला आणि विचारलं, "अरे, ही बीअर आहे की काढा?"

त्याने चेष्टेत विचारलं, पण प्रश्न नेमका होता. युरोपात कित्येक शतकं बीअर ही काढ्याचीच बहीण होती. मॉल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचं, पाणी नुसतं आंबवलं तर ते गुळमट लागतं आणि लवकर नासतं. त्या गोडीला काहीतरी कडू, सुगंधी जोड लागते. आज ती जोड हॉप्स देतात, म्हणजे एका वेलीची कडवट फुलं. आधी नेदरलँड्स, फ्लँडर्स आणि जर्मनीच्या पश्चिम भागात 'ग्रूट' नावाचं मिश्रण वापरत. त्यात बॉग मर्टल, यॅरो अशा रानटी वनस्पती असत, आणि गावागणिक त्यांचं प्रमाण बदले. ग्रूट विकण्याचा हक्क राजाकडून बिशपला, सरदाराला किंवा शहराला मिळालेला असे. बीअर बनवणाऱ्याला ते त्यांच्याकडूनच विकत घ्यावं लागे. थोडक्यात, मसाल्याच्या पुडीतच कर बांधलेला. बेल्जियममधल्या ब्रूज शहरात या हक्कावर श्रीमंत झालेल्या घराण्याचं नावच 'ग्रूटहूझं' पडलं. त्यांचा वाडा आज संग्रहालय आहे; मसाल्याच्या मक्तेदारीवर काय काय उभं राहू शकतं ते पाहायचं तर तिथे जावं.

हॉप्स जिंकले ते टिकाऊपणावर. लोणच्यात मीठ जे काम करतं तेच हॉप्स बीअरमध्ये करतात. हॉप्स घातलेली बीअर पिंपात भरून जहाजाने लांब पाठवता येई, आणि तेराव्या-चौदाव्या शतकात ब्रेमेन, हॅम्बुर्गसारखी बंदरं या व्यापारावर वाढली. ग्रूटवाल्यांचं उत्पन्न बुडू लागलं तेव्हा हॉप्सवरही कर बसले. इंग्लंडात तर बराच काळ 'एल' म्हणजे हॉप्स नसलेली आणि 'बीअर' म्हणजे हॉप्सवाली परदेशी पद्धतीची, असे दोन वेगळे शब्द चालत. आज आपण हॉप्सने भरलेल्या पेयालाही बिनदिक्कत एल म्हणतो. आता एल आणि लागर (थंडाव्यात आंबवलेली बीअर) यांतला फरक यीस्टचा आणि तापमानाचा मानला जातो.

बव्हेरियात 23 एप्रिल 1516 रोजी निघालेला फतवा बीअरप्रेमींना पाठ असतो: सातू, हॉप्स आणि पाणी, बाकी काही नाही. यीस्टचं नाव त्यात नाही, कारण ते काय असतं हे कोणाला ठाऊक नव्हतं. आज या फतव्याला शुद्धतेचा कायदा म्हणून मिरवतात. पण मूळ मजकूर वाचला तर त्यातला बराच भाग बीअर किती पैशाला विकायची याबद्दल आहे. गहू आणि राय नावाचं धान्य पावासाठी राखून ठेवायचे, हाही हेतू होता. गंमत म्हणजे गव्हाच्या बीअरवर सामान्यांना बंदी असताना, ती बनवायचा खास परवाना एका सरदार घराण्याला मिळाला. 1602 मध्ये ते घराणं निर्वंश झालं आणि तो किफायतशीर धंदा बव्हेरियाच्या राजघराण्याने स्वतःकडे घेतला. शुद्धता वगैरे ठीक, पण गल्ला महत्त्वाचा.

ब्रिटनने आणखी पुढची मजल मारली. 1816 च्या कायद्याने बीअर बनवणाऱ्याला काही वस्तू नुसत्या जवळ बाळगायलाही मनाई झाली. त्या यादीत अफू आहे, विषारी काकमारीच्या बिया आहेत, ज्येष्ठमध आहे, आणि मधही आहे! दंड 200 पौंड, त्या काळी कंबर मोडणारा. भेसळ थांबवणं हे एक कारण खरंच होतं. दुसरं असं की सरकारचा कर मॉल्टवर होता, आणि मधातून साखर मिळाली तर मॉल्ट कमी लागणार. पुढे 1880 साली पंतप्रधान ग्लॅडस्टनने कर मॉल्टवरून उचलून बीअरवर नेला, तेव्हा कशापासून बनवता याची उठाठेव सरकारला उरली नाही. माझ्या ग्लासातली एल 1816 नंतरच्या लंडनमध्ये कोणी बनवली असती तर मधाच्या बरणीपायी त्याच्या घरी जप्ती आली असती.

मसाल्याची बीअर वाचली ती करांच्या फटीत. ब्रसेल्सच्या पूर्वेला होखार्डन नावाचं गाव आहे. ते चहूबाजूंनी ब्राबांटच्या मुलखात, पण सत्ता लीएजच्या बिशपची, त्यामुळे ब्राबांटचे कर तिथे लागू नव्हते. अठराव्या शतकात या एवढ्याशा गावात तीसहून जास्त ब्रुअऱ्या होत्या. मोड न आणलेला गहू, सातूचं मॉल्ट, धने आणि संत्र्याची वाळवलेली साल ही तिथल्या पांढऱ्या बीअरची ओळख. साल कॅरिबियनमधल्या क्युरासाओ बेटाची. 1634 मध्ये डचांनी ते बेट घेतलं. स्पॅनिश लोकांनी तिथे लावलेली संत्री कोरड्या हवेत कडू झाली होती, खायच्या कामाची नव्हती, पण सालीत तेल भरपूर. टाकाऊ फळाची साल वाळून युरोपात पोचली.

विसाव्या शतकात पारदर्शक सोनेरी लागरपुढे ही गढूळ बीअर मागे पडली, आणि 1950 च्या दशकात होखार्डनमधली शेवटची ब्रुअरी बंद झाली. तिच्या शेजारी राहणारा पिएर सेलिस पोरवयात तिथे हाताखाली काम करत असे. पुढे तो घरोघर दूध घालायचा. गावातली माणसं जुन्या बीअरची आठवण काढत उसासे टाकायची, ते ऐकून 1966 मध्ये त्याने ती पुन्हा बनवली. धंदा वाढला. 1985 मध्ये ब्रुअरीला आग लागली, विमा पुरेसा नव्हता, आणि मदतीला आलेल्या मोठ्या कंपनीच्या हाती हळूहळू सगळं गेलं. पाकृतीवरून खटके उडाल्यावर सेलिस अमेरिकेला गेला आणि 1992 मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला त्याने नव्याने भट्टी मांडली. तीही पुढे एका बड्या कंपनीकडेच गेली, आणि बंद पडली. इकडे 2005 मध्ये होखार्डन बीअर गावातून हलवून दुसऱ्या कारखान्यात नेण्याची घोषणा झाली. गावकरी रस्त्यावर उतरले, आणि 2007 मध्ये तो बेत सोडून द्यावा लागला. आज जगात कुठेही धने-संत्र्याची पांढरी बीअर मिळाली तर तिचं मूळ बहुधा या दूधवाल्यापाशी पोचतं. 1995 मध्ये डेन्व्हरला सुरू झालेली ब्लू मून काय, किंवा आपल्याकडची बिरा व्हाइट काय.

मधाची गोष्ट त्याहून जुनी. तुर्कस्तानात गॉर्डियन इथे 1957 मध्ये एक कबर उघडली. ती राजा मिडासची की त्याच्या वडिलांची यावर वाद आहे. काशाच्या भांड्यांच्या तळाशी वाळलेला पिवळा थर होता. चाळीसेक वर्षांनी प्राचीन मद्यांचे अभ्यासक पॅट्रिक मॅकगव्हर्न यांनी तो तपासला, तर सातूची बीअर, द्राक्षाची वाइन आणि मधाची मीड या तिन्हींच्या खुणा एकत्र सापडल्या. डॉगफिश हेड या अमेरिकन ब्रुअरीने त्यावरून मिडास टच बनवली, त्यात केशरही घातलं. कडवटपणासाठी त्या काळी नेमकं काय वापरत हे त्या थरातून कळलं नव्हतं, म्हणून केशर हा त्यांचा अंदाज. संस्कृतातला 'मधु' आणि इंग्रजीतला 'मीड' हे एकाच मुळाचे शब्द आहेत, हेही इथे आठवतं. आणि मसाल्याचं मद्य आपल्याला परकं नाही: कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या मैरेय नावाच्या मद्यात गूळ, पिंपळी, मिरी आहेत. मित्राचा काढा तो हाच.

मग माझ्या ग्लासात मध सापडत का नव्हता? मधातली जवळजवळ सगळी साखर यीस्ट खाऊन टाकतं. मॉल्टच्या साखरेतला काही भाग मागे राहतो आणि घोटाला अंग देतो; मधाचं तसं नाही. त्यामुळे मध घातलेली एल गोड होण्याऐवजी उलट हलकी आणि कोरडी होते. सुगंध राखायचा तर मध उकळीत घालायचा नाही, आच बंद केल्यावर किंवा त्याहून उशिरा घालायचा. व्हाइट हाउसच्या आवारातल्या पोळ्यांचा मध घालून ओबामांच्या काळात एल बनवली गेली, तिची कृती 2012 मध्ये जाहीर झाली, तेव्हा घरी बीअर बनवणाऱ्या कित्येकांनी ती करून पाहिली. गोड निघेल या आशेने केलेल्यांची निराशा झाली असणार.

धन्यांचं उलट आहे. त्यांच्यातलं लिनालूल हे द्रव्य हॉप्समध्येही असतं आणि संत्र्याच्या तेलातही, म्हणून नाक गोंधळतं आणि धने आहेत की साल हे सांगणं कठीण जातं. त्यात गव्हाच्या बीअरचं यीस्ट स्वतःच लवंगेसारखा वास तयार करतं, लवंग न घालता. म्हणजे 'मसाला' वाटतं त्यातला निम्मा यीस्टचा.

महाराष्ट्रात पहिली मायक्रोब्रुअरी 2009 मध्ये पुण्यातच निघाली. तिचं नाव डूलाली, म्हणजे आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा इंग्रजी अपभ्रंश. मायदेशी जायच्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत गोऱ्या शिपायांची डोकी फिरत, म्हणून इंग्रजीत डोकं फिरण्याला 'डूलाली टॅप' म्हणू लागले. त्यातला 'टॅप' म्हणजे आपला ताप.

घरी येऊन मी डब्यातले चार धने खलबत्त्यात अर्धवट कुटले. पूड केली नाही. बीअर बनवणारेही फक्त फोडतात, वीस लिटरला साधारण पंधरा-वीस ग्रॅम. अमेरिकेतले घरगुती ब्रुअर त्यासाठी मुद्दाम भारतीय वाणसामानाच्या दुकानात जातात, कारण आपले लांबट, फिकट धने त्यांच्याकडच्या गोल दाण्यांपेक्षा जास्त लिंबूगंधी असतात. वाटीत संत्र्याच्या सालीचा तुकडा पिळला आणि हुंगलं. मध घालायची गरजच पडली नाही, ग्लासातला वास तसाच्या तसा समोर होता. मित्राला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "मग काढाच की."