‘पिशवी काढली आहे का?’ असे आम्ही का विचारतो

दांडिया बाजारातल्या आमच्या औषधांच्या दुकानात बऱ्याच जणी हार्मोनची चिठ्ठी घडी करून हळूच पुढे सरकवतात. त्यावर आम्ही “काकू, पिशवी काढली आहे का?” असे, म्हणजे गर्भपिशवीबद्दल, विचारले की संकोचतात. प्रश्न खासगी आहे खरा, पण विचारावाच लागतो.

आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते. अंडाशयातून येणारे इस्ट्रोजेन घटते आणि मग ऐन थंडीत अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने उशी भिजते, योनीमार्ग कोरडा पडतो, हाडे ठिसूळ होऊ लागतात. हे कमी पडलेले हार्मोन बाहेरून देणे म्हणजे हार्मोन रिप्लेसमेंट थेरपी, चिठ्ठीवरचे एचआरटी. वाफांवर याच्याइतका गुण दुसऱ्या औषधाने येत नाही. नुसत्या कोरडेपणासाठी मात्र जागेवर लावायचे क्रीमही पुरते.

आता पिशवीचे. एकट्या इस्ट्रोजेनने गर्भपिशवीचे अस्तर जाड होत जाते आणि तिथे कर्करोग होण्याचा धोका वाढतो. म्हणून पिशवी असेल तर जोडीला अस्तर जाड होऊ न देणारे दुसरे हार्मोन, प्रोजेस्टेरॉन, लागतेच. काढलेली असेल तर बहुधा इस्ट्रोजेन पुरते. जावेला लागू पडलेली गोळी तुम्हाला चालेलच असे नाही, ते यामुळेच. चिठ्ठीशिवाय आम्ही हे औषध ओळखीतही देत नाही.

“याने स्तनाचा कर्करोग होतो ना?” २००२ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर ही धास्ती पसरली. त्यातल्या बायकांचे सरासरी वय ६३ होते. दोन्ही हार्मोन वर्षानुवर्षे घेतल्यास धोका थोडा वाढतो, हे खरेच. पण साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षे व्हायच्या आत सुरू केले, आणि त्रास खरोखरच असेल, तर बहुतेकींना फायदा जास्त होतो. स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा यकृताचा आजार होऊन गेला असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. चाळिशीच्या आत पाळी गेली असेल तर हाडांसाठी आणि हृदयासाठी हे उपचार सहसा सुचवले जातात. तेव्हा ‘वय लहान आहे’ म्हणून टाळू नका.

जेल दिले असेल तर दंडावर किंवा मांडीवर लावा, छातीवर नको. हात धुवा. ते पुरते सुकल्याशिवाय नातवंडाला कडेवर घेऊ नका, त्याच्या अंगाला लागते.

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर लाल डाग दिसला, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर दुकानात येऊ नका. थेट डॉक्टरांकडे जा, त्याच दिवशी.