१२३४५६७८९८७६५४३२१ (डेमलो संख्या)

१२३४५६७८९८७६५४३२१ ही १७ अंकी संख्या म्हणजे १११११११११ (नऊ वेळा एक) चा वर्ग. उलटीकडून वाचली तरी तीच राहते. १, १२१, १२३२१ अशा एकांच्या वर्गांची जी रांग आहे त्यातली ही नववी, आणि गणितज्ञ दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी (जन्म डहाणू, १९०५) ज्या डेमलो संख्यांचा (पहिला आणि शेवटचा भाग मिळवला की मधलाच अंक परत परत येतो अशा संख्यांचा) अभ्यास केला त्यातलीच ही एक. डेमलो म्हणजे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेवरचं तेव्हाचं स्टेशन, आत्ताचं डोंबिवली. तिथे ही कल्पना सुचली म्हणून हे नाव. कापरेकर देवळालीला शाळेत शिक्षक होते, ६१७४ या कापरेकर स्थिरांकामुळे सगळ्यांना माहीत आहेत, पण माझ्या मते डेमलो संख्यांकडे तेवढंच लक्ष जायला हवं.

अंक असे चढत-उतरत का येतात ते बघायला गुणाकार कागदावर उभा मांडा. नऊ ओळी येतात, प्रत्येकीत नुसते एक, आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली, त्यामुळे उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एकच एक, पुढच्यात दोन, असं करत मधल्या रकान्यात नऊ आणि मग परत कमी कमी होत जातात. कुठेच हातचा येत नाही. दहा एक घेतले की मधल्या रकान्यात दहा जमतात, हातचा घ्यावा लागतो आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१, म्हणजे सगळा डौल गेला. हे दशमान पद्धतीमुळे होतं, सोळाच्या पायात लिहिलं तर पंधरा एकांपर्यंत आरामात चालतं.

अवयव पाडायला १११११११११ = १११ × १००१००१ इथून सुरुवात करायची. १११ म्हणजे ३ × ३७ आणि १००१००१ म्हणजे ३ × ३३३६६७, यातली ३३३६६७ ही मूळ संख्या आहे. वर्ग केला की ३⁴ × ३७² × ३३३६६७². घातांकांत एकेक मिळवून गुणलं की ५ × ३ × ३ = ४५ विभाजक. विषम आले, कारण संख्या पूर्ण वर्ग आहे.

मला सगळ्यात आवडतं ते पुढचं. सगळ्या अंकांची बेरीज ८१, म्हणजे ९ चा वर्ग, आणि संख्येला ८१ ने पूर्ण भाग जातो. आता शेवटचे नऊ अंक तोडा आणि उरलेल्यात मिळवा: १२३४५६७८ + ९८७६५४३२१ = ९९९९९९९९९. हा योगायोग नाही, आपली संख्या ९९९९९९९९९ × १२३४५६७९ अशी आहे आणि नऊ-नऊ अंकांचे तुकडे करून बेरीज घेणं म्हणजे ९९९९९९९९९ ने भागून बाकी बघण्यासारखंच आहे.

आणि ८१ ने गुणलं तर मिळतो ९९९९९९९९९ चा वर्ग, ९९९९९९९९८००००००००१. याचे दोन तुकडे मिळवले, ९९९९९९९९८ + १, की परत ९९९९९९९९९. जिच्या वर्गाचे तुकडे मिळवले की परत तीच येते अशा संख्येला कापरेकर संख्या म्हणतात.