टेक्स्चरवाल्या भिंती कोकणात जुन्याच, काव कलेची पार्श्वभूमी

हल्ली हॉलची एक भिंत 'टेक्स्चर' करून घ्यायची फॅशन आहे, रोलर फिरवला की डिझाइन तयार, पण ओल्या गिलाव्यातच नक्षी काढायची पद्धत आपल्याकडे फार आधीपासून आहे. गोवा आणि उत्तर कन्नडच्या किनाऱ्यावर जुनी देवळं, मठ, मोठी घरं बघा, पांढऱ्या भिंतीवर लाल नक्षी दिसते, तीच काव किंवा कावी कला.

ती रंगवलेली नसते हे आधी समजून घ्या. समुद्राकाठी शिंपले मुबलक, ते भट्टीत भाजून चुना करायचे, त्यात वाळू आणि गूळ घालून बरेच दिवस कुजवायचं, कुटायचं, मग भिंतीवर पांढरा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच वर हुरमुंजीचा म्हणजे लाल मातीचा पातळ थर. मग टोकदार लोखंडी हत्याराने वरचा लाल थर खरवडून काढायचा की खालचा पांढरा दिसतो, आणि शेवटी गुळगुळीत गोट्यांनी घासून चकाकी आणायची. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू दगडासारखा होतो आणि लाल रंग त्यातच अडकतो, म्हणून तर कोकणातला पाऊस खाऊनही नक्षी टिकते. चूक झाली तर पुसायची सोय नाही, त्यामुळे कंपास धरून कमळं, वेली, दशावतार कोरणारे ते कारागीर माझ्या मते चित्रकारांच्या तोडीचेच.

इटलीतही याची बहीण आहे, स्ग्राफितो. तिथला चित्रकार आणि कलाकारांची चरित्रं लिहिणारा वासारी, त्याने 1550 च्या पुस्तकात कृती दिलीय, जळक्या पेंढ्याने काळपट केलेला चुना खाली आणि पांढरा वर, म्हणजे आपल्या बरोबर उलट.

मग सिमेंट आलं. 1824 मध्ये इंग्लंडात जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं आणि पुढे विसाव्या शतकात ते गावागावात पोचलं. काही तासांत घट्ट होणारा माल मिळाल्यावर कित्येक दिवस चुना कुजवत कोण बसणार, त्यात जीर्णोद्धाराच्या नावाने जुन्या भिंतीच पाडल्या गेल्या, याचं फार वाईट वाटतं. लेखक-छायाचित्रकार कृष्णानंद कामत यांनी हिंडून फोटो आणि माहिती जमवली म्हणून बरंच निदान कागदावर तरी राहिलं.

आणि जिथे नक्षी अजून शाबूत आहे तिथे कृपा करून सिमेंटने डागडुजी करू नका, जांभ्याची भिंत ओल शोषते, चुन्यातून ती बाहेर पडते, सिमेंटने कोंडली की क्षार साठून नक्षीचे पापुद्रेच सुटतात.