दात काढून तारा लावल्या की गाल बसतात?

जळगाव-भुसावळकडे मुलीला तारा लावायच्या म्हटलं, की घरातली एखादी मावशी ठामपणे सांगते, "चार दात काढले की गाल बसतात." तसं होत नाही.

तारांसाठी बहुधा सुळ्यांमागच्या पहिल्या उपदाढा काढतात, प्रत्येकी साधारण ७ मिलिमीटर रुंद. ही जागा रिकामी राहत नाही. दाटीतले दात सरळ करण्यात किंवा पुढचे दात मागे घेण्यात ती भरून जाते. गालांना आकार देतात ते गालाचं हाड, चरबी आणि चावण्याचे स्नायू. तारुण्यात बाळसं तसंही ओसरतं. त्यात तारांमुळे कळण्याची भाकरी, शेंगदाणे बंद आणि खिचडी सुरू, मग वजनही उतरतं. दोष मात्र दातांवर!

खरा बदल होतो ओठांत. पुढचे दात मागे गेले की ओठही मागे जातात, पण दातांइतके नाही. दात पुढे असलेल्याला तर हेच हवं असतं. मात्र ओठ आधीच पातळ, नाक-हनुवटी ठळक आणि दाटी किरकोळ असेल, तर दात काढल्यावर तोंड आत गेल्यासारखं दिसू शकतं. तिथे मावशीची शंका अगदीच हवेतली नाही. म्हणून होकार देण्याआधी डॉक्टरांना चेहऱ्याच्या बाजूचा एक्स-रे समोर ठेवून विचारावं, ओठ किती मागे जातील?