पार्श्वभूमी : लक्ष्मी विलासच्या आवारातलं गोल्फ

बडोद्याचा लक्ष्मी विलास राजवाडा १८९० मध्ये पुरा झाला. आराखडा मेजर चार्ल्स मॅन्ट यांचा. त्यांच्या मृत्यूनंतर रॉबर्ट फेलोज चिझम यांनी काम तडीस नेलं आणि भोवतालची बाग विल्यम गोल्डरिंग यांनी आखली. गोल्फचं मैदान मात्र १९३० च्या दशकातलं. सयाजीराव महाराजांचे नातू प्रतापसिंहराव यांनी ते युरोपीय पाहुण्यांसाठी करवून घेतलं.

भारतात गोल्फ त्याच्या शंभर वर्षं आधी आलं होतं. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा; ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना. अशा क्लबांत शिरायचं तर आधीच्या सभासदाने नाव सुचवायचं, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं आणि मग गुप्त मतदान. पेटीत ठरावीक संख्येने काळ्या गोट्या पडल्या की नाव बाद. संस्थानी मैदानाला अशा पेटीची गरज नव्हती. राजवाड्याचं निमंत्रण हेच तिथलं सभासदत्व, आणि खर्च दरबाराचा. त्यामुळे संस्थानं विलीन झाल्यावर आणि १९७१ मध्ये तनखे बंद झाल्यावर अशा खाजगी मैदानांपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो पाणी, माळी आणि कापणी यांच्या खर्चाचा.

हा खर्च कुठे जातो हे हिरवळीखालची माती पाहिली की कळतं. उत्तर आणि पश्चिम भारतातल्या कोरड्या भागांत पूर्वी ग्रीनच्या, म्हणजे खळग्याभोवतीच्या आखूड गवताच्या सपाट जागेऐवजी ‘ब्राउन’ असत : तेल मिसळून चोपलेली वाळू. पट, म्हणजे चेंडू खळग्याकडे घरंगळवणारा हलका फटका, मारण्याआधी चेंडूची वाट फळीने सारखी करून घ्यायची. पाणी जवळजवळ लागतच नसे, पण चेंडूचा वेग तेल किती मुरलंय यावर ठरे. गवताची ग्रीन याहून फार नाजूक. फेअरवेवर, म्हणजे ग्रीनपर्यंत जाणाऱ्या गवताळ पट्ट्यावर, साधी हरळी चालते. ग्रीनवर तिचे बुटके संकरित वाण लावतात आणि ३ ते ४ मिलिमीटरवर कापतात. एवढं आखूड पातं स्वतःपुरतं अन्न जेमतेम बनवतं, म्हणून मुळांना हवा आणि निचरा दोन्ही हवेत.

बडोद्याच्या आसपासची काळी माती नेमकी इथे नडते. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, पायाखाली दाबली की घट्ट बसते. त्यावर थेट ग्रीन बसवली तर पहिल्याच पावसाळ्यात पाणी साचतं, शेवाळ धरतं आणि मुळं वरच्या वर राहतात. उपाय महाग आहे, पण खात्रीचा : तळाशी सच्छिद्र नळ्या, त्यावर ४ इंच खडी, त्यावर १२ इंच निवडलेली वाळू. खडीच्या वरच्या अंगाला वाळूत ओल धरून राहते आणि वाळू पुरती भिजली की जास्तीचं पाणी खाली उतरतं. वाळू न चाळता भरली तर तिच्यातली गाळमाती छिद्रं बुजवते आणि सगळं काम फुकट जातं. नीट केलेल्या ग्रीनलाही अधूनमधून पोकळ दातऱ्यांनी भोकं पाडून, मातीचे गट्टे उचलून त्यांत वाळू भरावी लागते. लव्हाळा शिरला तर नुसता उपटून उपयोग नाही. जमिनीत राहिलेल्या गाठी पुन्हा फुटतात.

१९९० च्या दशकात प्रतापसिंहरावांचे नातू समरजितसिंह गायकवाड यांनी हे मैदान नव्याने करून लोकांना खुलं केलं. ते स्वतः रणजी खेळलेले. याच आवारात मोतीबाग क्रिकेट मैदानही आहे. आमच्या मते गोल्फचं मैदान लोकांना खुलं होणं हेच त्याच्या इतिहासातलं सर्वांत मोठं वळण. खेळणाऱ्यांकडून फी येऊ लागली की पाणी आणि माळी यांची तजवीज दरवर्षी करता येते, आणि राजवाड्याभोवतीची मोकळी जमीन बांधकामाखाली न जाता वापरात राहते. बडोद्यासारख्या झपाट्याने भरत चाललेल्या शहरात तिचं मोल फार आहे, गोल्फची काठी कधी हातात न धरलेल्या बडोदेकरांनाही.