नेट स्लो आहे, पण नेमकं कुठे?

‘नेट स्लो आहे का कुणाचं?’ घोडबंदर रोडवरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री आठनंतर हा प्रश्न हमखास पडतो. उत्तरं भरपूर येतात, पण कामाचं क्वचितच सापडतं. कारण या एका वाक्यामागे अगदी वेगवेगळे बिघाड असतात.

आधी भिंतीवरचा डबा बघा. फायबरची बारीक वायर ज्यात शिरते तो ओएनटी, म्हणजे वायरीतून आलेल्या प्रकाशाचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र. वायफाय देतो तो राउटर. हल्ली बऱ्याच घरांत दोन्ही एकाच डब्यात असतात. त्यावरचा ‘एलओएस’चा दिवा लाल असेल, तर प्रकाशच पोचत नाहीये, आणि डबा कितीदाही बंद-चालू केला तरी उपयोग नाही. सोफा सरकवताना वायर काटकोनात मुडपली असेल, तर प्रकाश त्या वळणावरच बाहेर निसटतो. ती हलक्या हाताने सैल करा. तरीही दिवा लालच राहिला तर तक्रार नोंदवा. वायर उपसून टोकात डोकावू मात्र नका. आतला लेसर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

दिवे ठीक असतील तर वेग मोजायचा. प्लॅन १०० एमबीपीएसचा असतो तो मेगाबिटमध्ये, आणि फाइल मोजतात मेगाबाइटमध्ये. ८ बिट म्हणजे १ बाइट. म्हणून डाउनलोड करताना सेकंदाला १२ मेगाबाइटच्या आसपास आकडा दिसला, तर कुणी फसवलेलं नाही, तो जवळजवळ पूर्ण वेग आहे. १ जीबीच्या फाइलला किमान ८० सेकंद लागणारच. चाचणी मात्र लॅपटॉप लॅन केबलने राउटरला जोडूनच करा. प्लॅन ३०० चा आणि आकडा ९४-९५ वर अडलेला दिसला, तर संशय केबलवर घ्या. तिच्यातल्या तारांच्या चार जोड्यांपैकी दोनच चालत असल्या की वेग १०० च्या पुढे जात नाही. केबल बदलून पाहा.

केबलवर वेग पूर्ण आणि बेडरूममध्ये मोबाइल रडतोय? मग दोष वायफायचा. ठाण्यातले बरेच नवे टॉवर मायवान पद्धतीचे आहेत, म्हणजे आतल्या भिंतीसुद्धा सळया घातलेल्या काँक्रीटच्या. राउटरचं वायफाय बहुधा दोन लहरींवर चालतं, ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ. अशा भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय जेमतेम पार होतं. नेरूळ-वाशीतल्या जुन्या, विटांच्या भिंतींच्या घरांत हा त्रास कमी. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीपलीकडे जास्त पोचतं, पण हळू असतं आणि शेजारपाजारच्या राउटरांची त्यावर गर्दी असते. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल, म्हणजे वायफायचे वेगळे पट्टे, तीनच: १, ६ आणि ११. राउटर टीव्ही युनिटच्या कप्प्यातून काढून घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीला ठेवा. तेवढ्यानेही भागलं नाही, तर लॅन केबल ओढून आतल्या खोलीत दुसरा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय देणारा आणखी एक डबा, बसवा. वायफाय पकडून पुढे पाठवणारे, भिंतीच्या प्लगमधले स्वस्त रिपीटर बहुतेक वेळा निम्मा वेग खातात. आणि फोनवरच्या वायफायच्या भरलेल्या रेघा फक्त फोन ते राउटर एवढ्याच अंतराची हमी देतात, पुढच्या इंटरनेटची नाही.

वेग भरपूर असूनही व्हिडिओ कॉलवर बोलणं उशिरा पोचत असेल, तर पिंग बघा. पिंग म्हणजे निरोप सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरमधल्या सर्व्हरला काही मिलिसेकंद पुरतात. न्यूयॉर्क मुंबईहून सरळ रेषेतही साडेबारा हजार किलोमीटर आहे, आणि काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद लागणारच, प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. महागडा प्लॅन घेऊनही हा आकडा खाली येत नाही.

शेवटचा बिघाड फसवा. सुरू असलेला कॉल चालतो, पण वेबसाइट उघडत नाहीत. इथे बहुधा डीएनएस अडलेला असतो. वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी ही सेवा. अँड्रॉइड ९ किंवा नंतरच्या फोनवर सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ शोधा आणि तिथे ‘डीएनएस डॉट गूगल’ हे नाव इंग्रजी अक्षरांत टाका. नंतर ठाणे स्टेशनवर मोफत वायफायचं लॉगिन पान उघडेनासं झालं, तर तीच सेटिंग पुन्हा ‘ऑटोमॅटिक’वर आणा.